खोलल्याशिवाय सांगता येणार नाही

मोटार वाहन कायद्याने खासगी गाडीचं आयुष्य १५ वर्षांचं धरलं आहे. त्यापुढे ती जगू शकते, पण तशी लेखी परवानगी काढावी लागते. नमुना २५ भरायचा, परिवहनच्या पोर्टलवर तारीख घ्यायची, पर्यावरण कर भरायचा आणि गाडी आरटीओच्या मैदानात तपासणीला उभी करायची. पास झाली तर पुढची ५ वर्षं पदरात. ही कृपा पूर्वी ६०० रुपयांत होत असे. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीला ५,००० रुपये पडतात, आणि गाडीने विशी ओलांडली की २०२५च्या नव्या दराने १०,०००. इतरत्र ज्येष्ठांना सवलत असते. इथे वय वाढेल तसं तिकीट वाढतं. सरकारचं म्हणणं सरळ आहे की जुनी गाडी काढून टाका. पण ते तोंडावर बोलून कोणाला दुखवत नाही, फीच्या तक्त्यातून सुचवतं.

मध्यमवर्गीय माणसाला तक्त्यातून सुचवलेलं कळत नाही. त्याचा हिशेब वेगळा असतो. नवी गाडी घ्यायची तर आठ लाख. जुनीवर दहा-पंधरा हजार घातले तर सात लाख पंच्याऐंशी हजार वाचले. असे एकरकमी पावणेआठ लाख त्याने नोकरीच्या उभ्या आयुष्यात कधी वाचवलेले नसतात. या आनंदात तो गाडी धुऊन तपासणीला नेतो. हा हिशेब गॅरेजवाल्यालाही पाठ असतो, हे त्याला नंतर कळतं.

तपासणीला निघताना मालकाची ठाम समजूत असते की गाडीला काही झालेलं नाही. आणि ती प्रामाणिक असते. पंधरा वर्षांत दोष दोष राहिलेले नसतात, गाडीचा स्वभाव झालेले असतात. हॅण्डब्रेक धरत नाही, म्हणून चढावर पहिल्या गिअरमध्ये टाकून मागच्या चाकाला दगड लावायचा, आणि तो दगड डिकीत असतोच. मागची डावी काच वर जाते, फक्त तिला तळहाताने थोडं समजवावं लागतं. ड्रायव्हरचं दार जरा उचलून लावलं की लागतं. अशी गाडी कोणी दुसरा चालवायला मागितली, तर किल्लीबरोबर पाच मिनिटांचं व्याख्यान द्यावं लागतं. ते ऐकून तो बहुधा रिक्षाने जातो.

आरटीओच्या मैदानात सकाळी या पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांची रांग लागते. वधूपरीक्षेला बसवलेल्या प्रौढ मंडळींसारख्या सगळ्या चकचकीत आणि गप्प. डॅशबोर्डवर पॉलिश, सीटवर नवी कव्हरं, आरशाला लिंबू-मिरची. मालक एकमेकांच्या गाड्यांभोवती हात मागे बांधून फिरतात आणि 'अजून कंपनीचा कलर आहे हो!' असं म्हणतात. कंपनीचा कलर तपासणीत कोणी बघत नाही. बघतात ते भलतंच.

बघण्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमावली आहे, १९८९ची. ती रिकामपणी वाचावी, फार करमणूक होते. नियम ९९ म्हणतो की मोटार स्वतःच्या ताकदीवर पुढेही जाऊ शकली पाहिजे आणि मागेही. हा नियम सभा-समित्यांना लावला तर किती पास होतील, सांगता येत नाही. नियम ११९ म्हणतो की एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न लावू नये. आमच्या सोसायटीतली एक गाडी रिव्हर्स घेताना अख्खं भक्तिगीत वाजवते आणि पहिल्या मजल्यावरची मंडळी झोपेतच हात जोडतात. नियम ९४ टायरचा आहे. मोटारीच्या टायरवरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल नसावी. दुचाकी आणि तीनचाकीला ०.८ चालते. आपल्याकडे टायरची नक्षी संपली की माणूस म्हणतो, 'अजून वर्षभर जाईल'. कुठे जाईल ते सांगत नाही.

मोटार वाहन निरीक्षक कमी बोलतात. गाडीभोवती एक चक्कर, दिवे लावा, डावा इंडिकेटर, उजवा, ब्रेक दाबा, हॉर्न. मग बोनेट उघडून चेसिस नंबर. हा नंबर कागद ठेवून, वर पेन्सिल घासून उमटवायचा असतो. आमच्या गाडीच्या कागदावर जे उमटलं ते पाहून निरीक्षकांनी विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "गंज." त्यांनी कागद परत दिला. मग हॅण्डब्रेक ओढायला सांगून गाडीला बाहेरून हात लावला. गाडी आज्ञाधारकपणे निघाली. दगडाचा उल्लेख करण्याची ती वेळ नव्हती.

शेरा चार ओळींचा आला. हॅण्डब्रेक धरत नाही. पुढचे दोन्ही टायर झिजलेले. मागचा डावा ब्रेकलाइट बंद. चेसिस नंबर वाचता येत नाही. दुरुस्त करून पुन्हा आणा.

चारच ओळी. पण नापास गाडीचा मालक गॅरेजच्या दारात येतो तेव्हा त्याच्या हातात शेरा नसतो, शरणचिठ्ठी असते. एरवी गॅरेजवाल्याला आपल्याला पटवावं लागतं की गाडीत काहीतरी बिघडलंय. इथे खुद्द सरकारने ते लिहून दिलेलं असतं.

मी आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तिथे एसी आहे, कॉफीचं मशीन आहे आणि काचेपलीकडे आपली गाडी वर उचललेली दिसते. ही काच मुद्दाम ठेवलेली असावी. आपली गाडी खालून कशी दिसते हे कोणत्याही मालकाने बघू नये. ते दृश्य पाहिलं की माणूस कशालाही हो म्हणतो.

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर हा तरुण अतिशय सभ्य असतो. तो आकडा कधीही तोंडाने सांगत नाही. तो टॅब्लेट हळूच आपल्याकडे वळवतो आणि स्वतः दुसरीकडे बघतो. आमचा आकडा होता ७४,३८०. ओळी एकतीस. निरीक्षकांच्या चार ओळी त्या गर्दीत कुठे हरवल्या होत्या त्या शोधायलाच मला चष्मा काढावा लागला. इंजिन डीकार्बनायझेशन, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, दोन्ही बाजूंचे लोअर आर्म, अंडरबॉडी अँटी-रस्ट ट्रीटमेंट, आणि शेवटी 'कन्झ्युमेबल्स'. म्हणजे काय, तर पुसायची फडकी.

"हे एसीचं कशाला?"

"रेकमेंडेड आहे सर."

"कोणी केलं रेकमेंड?"

"सिस्टिमने, सर."

सिस्टिमशी भांडता येत नाही. किलोमीटर टाकले की ती आपोआप सुचवते. तिला आरटीओचा शेरा माहीत नसतो आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नसते. शिवाय या जगात असेंब्लीपेक्षा लहान वस्तू अस्तित्वात नाही. ब्रेकलाइटचा बल्ब गेला होता. एस्टिमेटमध्ये टेललॅम्प असेंब्ली होती. हॅण्डब्रेकची केबल सैल होती. एस्टिमेटमध्ये मागच्या ब्रेकची असेंब्ली होती. चेसिस नंबरवर बोटभर गंज होता; एस्टिमेटमध्ये गाडीचं पूर्ण पोट होतं.

"आणि सर, पार्ट्सवरचा जीएसटी २८चा १८ झालाय सप्टेंबरपासून. म्हणजे हीच वेळ आहे." जीएसटी कौन्सिलने केलेला आणि २२ सप्टेंबर २०२५पासून लागू झालेला हा बदल त्याने अशा सुरात सांगितला की मला क्षणभर वाटलं, यानेच वर शब्द टाकला असावा.

मी विचारलं, "या गाडीची आज किंमत काय येईल?"

"एक्स्चेंजमध्ये साठ धरू सर." साठ म्हणजे हजार. गाडीपेक्षा दुरुस्ती चौदा हजारांनी महाग होती. हे त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण त्याने लगेच आवाज मऊ करून विचारलं, "नवीन मॉडेल बघायचंय का सर? शोरूम वरच्याच मजल्यावर आहे." तेव्हा मला कळलं की ते एस्टिमेट दुरुस्तीसाठी नव्हतंच. तो वरच्या मजल्यावर जाण्याचा जिना होता.

पत्र्याच्या शेडमधल्या मिस्त्रीकडे एसी नाही, कॉफी नाही आणि कागदही नाही. मिस्त्रीची पद्धत संपूर्ण मौखिक. तो गाडीभोवती फिरतो, बोनेट उघडतो, इंजिनकडे बघत बराच वेळ काहीच बोलत नाही. मग मान हलवतो. या मान हलवण्याचे पैसे शेवटच्या बिलात असतात.

"बरंच काम निघालंय काका."

"अंदाजे किती?"

"खोलल्याशिवाय सांगता येणार नाही."

हे वाक्य गॅरेज व्यवसायाचा पाया आहे. एकदा गाडी खोलली की ती मालकाची राहत नाही. तिची चार चाकं शेडच्या चार कोपऱ्यांत, नट-बोल्ट तेलाच्या डब्यात आणि सीट बाहेर गॅरेजातल्या पोऱ्याच्या, छोटूच्या, बुडाखाली. अशा अवस्थेत 'परवडत नाही, दुसरीकडे नेतो' म्हणायचं तर गाडी पोत्यात भरून न्यावी लागेल. म्हणून अनुभवी मिस्त्री आधी खोलतो आणि मग आकडा सांगतो.

त्याआधी एक विधी असतो. मिस्त्री वायरिंगचा एखादा जोड दोन बोटांत धरून विचारतो, "हे कोणी केलंय काम?" त्या 'कोणी'त जगातला सगळा तिरस्कार असतो. आधीच्या मिस्त्रीने काम बरं केलं होतं असं म्हणणारा मिस्त्री अजून जन्माला यायचा आहे. मी म्हटलं, "तुम्हीच केलंय. मागच्या दिवाळीला." तो अजिबात डगमगला नाही. म्हणाला, "मी नाही, तो पोरगा होता. काढला त्याला."

मग दर्जाची निवड. कागदोपत्री सुट्या भागांचे प्रकार ओरिजिनल, ओईएम आणि लोकल. मिस्त्री ते सोप्या मराठीत विचारतो: "कंपनीचा टाकू, चांगला टाकू, का चालेल असा टाकू?"

"चालेल असा म्हणजे किती चालेल?"

"पासिंगपुरता."

पार्ट आपणच आणावा, असंही काहींना वाटतं. पुण्यात त्यासाठी नाना पेठ आहे, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. काउंटरवरचा माणूस पार्टचं नाव ऐकून घेत नाही. तो फक्त प्रश्न विचारतो: साल कोणतं? पेट्रोल का डिझेल? एबीएसवाली का विनाएबीएस? फेसलिफ्टच्या आधीची का नंतरची? संसाराची इतकी वर्षं ज्या गाडीत गेली तिच्याबद्दल आपल्याला रंग सोडून काहीच माहीत नाही, हे ज्ञान तिथे फुकट मिळतं. आणि स्वतः आणलेला पार्ट घेऊन गेलं की मिस्त्री तो हातात धरून तोलतो, बाजूला ठेवतो आणि म्हणतो, "बसवतो. पण गॅरंटी माझी नाही." मजुरीत तेवढी वाढही होते. वाचलेले पैसे घरी पोचत नाहीत.

एव्हाना बातमी सोसायटीत फुटलेली असते. नापास मुलाच्या घरी कोणी फिरकत नाही; नापास गाडीच्या घरी सगळे येतात. प्रत्येकाचा एक 'माणूस' असतो. 'माझ्या माणसाकडे जा, माझं नाव सांगा.' मी एकाच्या माणसाकडे जाऊन नाव सांगितलं. तो म्हणाला, "त्यांचे मागचे बावीसशे बाकी आहेत." आणि मला दिलेल्या आकड्यात त्याने ते बहुधा धरले.

तळमजल्यावरचे आजोबा पद्मिनीवाले. त्यांच्या मते मोटारी तेव्हाच्या. "हातपंपाचं वायसर टाकून मी पद्मिनी महाबळेश्वरला नेली आहे." यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. ती २००३ला नोंदवलेली होती आणि टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. आजोबांना हे सांगितलं तर म्हणाले, "गाडी बिघडली नव्हती. कायदा बिघडला."

तिसऱ्या मजल्यावरच्यांनी सरळ भंगाराचा मार्ग सुचवला. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गाडी दिली की नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के मूल्य मिळावं असं २०२१चं धोरण सांगतं. वर प्रमाणपत्र मिळतं आणि ते दाखवलं की नव्या खासगी गाडीच्या मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत. योजना चांगली आहे. तिचा फायदा घ्यायला फक्त नवी गाडी घ्यावी लागते. म्हणजे पुन्हा आठ लाख. या देशात काटकसरीचा प्रत्येक मार्ग शेवटी शोरूमच्या वरच्या मजल्यावर जातो.

पुतण्या इंग्लंडमध्ये असतो. त्याला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर तो हसायला लागला. म्हणाला, "काका, तुम्ही पंधरा वर्षांनी एकदा रडता, आम्ही दरवर्षी." तिथे त्या परीक्षेला एमओटी म्हणतात. १९६०मध्ये सुरू झाली तेव्हा ती १० वर्षांहून जुन्या गाड्यांपुरती होती. पण इतक्या गाड्या नापास झाल्या की मर्यादा खाली आणावी लागली आणि १९६७पासून ती ३ वर्षांवर आहे. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी परीक्षा. मोटारीची फी जास्तीत जास्त ५४ पौंड ८५ पेन्स, आणि पुष्कळ गॅरेजं त्याहून कमीत करून देतात.

"कमीत? मग त्यांना परवडतं कसं?"

"काका, परीक्षा घेणारं गॅरेजच दुरुस्ती करतं."

इथे मी इंग्रजांच्या बुद्धीला मनोमन नमस्कार केला. पेपर तपासणाऱ्यानेच खाली क्लास काढलेला. तिथला निकालही साधा पास-नापास नसतो. २०१८पासून दोषाच्या पायऱ्या आहेत: धोकादायक, मोठा, किरकोळ. शिवाय पास झालेल्या गाडीलाही सल्ले लिहून मिळतात, की हे अजून बिघडलेलं नाही पण बिघडेल. म्हणजे पुढच्या वर्षीचं एस्टिमेट यंदाच फुकट. पुतण्या मात्र मराठी घरात वाढलेला. तो गाडी नगरपालिकेच्या एमओटी केंद्रात नेतो. ही केंद्रं नगरपालिकेच्या स्वतःच्या बस आणि कचऱ्याच्या गाड्या तपासण्यासाठी असतात, पण लोकांसाठीही उघडी असतात, आणि लोकांच्या गाड्या दुरुस्त करत नाहीत. ज्याला काही विकायचं नाही तो उगाच नापास करत नाही, हा त्याचा सिद्धान्त. आपल्याकडेही स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम करताना हे लक्षात घेतलं आहे: अशा केंद्राने फक्त तपासायचं, दुरुस्ती करायची नाही, सुटे भाग विकायचे नाहीत. नियम करणाऱ्याने कधीतरी स्वतःची गाडी गॅरेजमध्ये नेली असली पाहिजे.

या सगळ्यात ताई आली. ताई माझी थोरली बहीण. स्थानिक निधी लेखापरीक्षणातून निवृत्त झाली. तिने तालुक्यातालुक्याच्या ग्रामपंचायतींचे हिशेब तपासले आहेत. मुरमाच्या एका ट्रकमध्ये तीन रस्ते कसे होतात, हे तिला ठाऊक आहे. मी तिला कंपनीचं एस्टिमेट दाखवलं आणि मिस्त्रीचं तोंडी ऐकवलं. तिने विचारलं, "मूळ शेरा कुठाय?"

तो कोणीच मागितला नव्हता. कंपनीने नाही, मिस्त्रीने नाही, ज्यांचा ज्यांचा 'माणूस' होता त्यांनीही नाही. ताईने तो समोर ठेवला, कागदावर तीन रकाने आखले आणि वर लिहिलं: 'निरीक्षकांनी लिहिलेले', 'जिवाला धोका असलेले', 'गॅरेजला वाटलेले'. एकतीस ओळी वाटून दिल्या. पहिल्या रकान्यात चार आल्या. दुसऱ्यात तीन. उरलेल्या चोवीस तिसऱ्यात.

"एस्टिमेट गाडीचं नाहीये हे," ताई म्हणाली. "तुझं आहे. तू किती घाबरलायस, त्याची बेरीज केलीय."

दुसऱ्या दिवशी ताई स्वतः शेडमध्ये आली. मिस्त्रीने मान हलवायला सुरुवात केली. तिने ती पूर्ण होऊ दिली नाही. "मिस्त्री, एकच विचारते. यातलं काय नाही केलं तर गाडी परत नापास होईल?"

मिस्त्री गप्प झाला. मान हलवून झाकता येणारं ते मौन नव्हतं. हा प्रश्न त्याला त्याच्या धंद्यात कोणी विचारला नसावा. लोक 'किती होतील', 'कमी करा' आणि 'कधी मिळेल' एवढंच विचारतात. त्या तिन्हींची उत्तरं त्याच्याकडे तयार असतात. याचं उत्तर द्यायला त्याला खरोखर गाडीकडे बघावं लागलं.

चेसिस नंबर दहा मिनिटांत निघाला. तारेचा ब्रश, थोडं रॉकेल, वर ग्रीस. पैसे? "त्याचे काय घ्यायचे ताई." ब्रेकलाइटला तीस रुपयांचा बल्ब. हॅण्डब्रेकला केबल आणि मागचे ब्रेकशू, कारण ड्रम काढल्यावर शू खरोखर संपले होते. ते ताईने स्वतः वाकून पाहिलं आणि मगच मान्य केलं.

लोअर आर्मवर चर्चा झाली. "दोन्ही गेलेत," मिस्त्री म्हणाला. "दाखवा," ताई म्हणाली. गाडी जॅकवर चढली. मिस्त्रीने उजवं चाक वर-खाली धरून हलवलं, ते खडखडलं. डावं हलवलं, ते शांत.

"मग डावा कशाला?"

"जोडीने टाकतात ताई."

"टायर जोडीने टाका, ते मला पटतं. हा एकटा राहू दे."

ताई काटकसरी आहे, कंजूष नाही. पुढचे ब्रेक पॅड निरीक्षकांनी लिहिले नव्हते, मिस्त्रीही विसरला होता. तिने पाहून स्वतः यादीत घातले आणि ब्रेक ऑइल कधी बदललं होतं ते विचारलं. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, मी छोटूकडे, छोटूने रस्त्याकडे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी मिसळलेलं ऑइल घाटात उकळलं की ब्रेकचा पेडल नुसता खाली जातो. ते बदललं. "न थांबणाऱ्या गाडीत पैसे वाचवून काय करायचंय?" असं ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच मिस्त्री मनापासून हो म्हणाला.

टायरवाल्याकडे सर्वांत जास्त मजा आली. त्याने 'एकदम फ्रेश माल' म्हणून दोन टायर पुढे केले. ताईने चष्मा लावून टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले: ४५२१.

"हे काय?"

"कंपनीचा कोड आहे मॅडम."

"२०२१ सालचा पंचेचाळिसावा आठवडा," ताई म्हणाली. "चार वर्षं तुमच्याकडेच होता वाटतं. भाडं नाही घेतलंत त्याच्याकडून?" टायरवाल्याने आतून दुसरे दोन आणले. त्यांवर चालू वर्ष होतं. येताना ती मला खाचांमधले बारीक उंचवटे दाखवून म्हणाली, "हे दिसतायत ना? नक्षी झिजून यांच्या पातळीला आली की टायर संपला. मोजपट्टी लागत नाही. ती टायरमध्येच बसवलेली असते. तुझ्या जुन्या टायरवर हे उंचवटेसुद्धा झिजले होते."

बिल झालं १६,४०० आणि कच्च्या चिठ्ठीवर लिहून मिळालं. ताईने त्यावर आपल्या पद्धतीने आक्षेप नोंदवले. 'किरकोळ ५००' याचा तपशील मागितला. मिस्त्रीने अनुपालन सादर केलं: चहा, ग्रीस, सँडपेपर. चहा अमान्य झाला, कारण तो आम्ही पाजला होता. मग तिने काढलेले सगळे जुने भाग परत मागितले. बदलल्याचा पुरावा हवा, हा तिचा नियम. तेव्हापासून आमच्या बाल्कनीत दोन गुळगुळीत टायर, ब्रेकशूचा संच आणि एक उजवा लोअर आर्म आहे. घरातल्या कोणालाही ते हलवण्याची परवानगी नाही. पाच वर्षांनी फाइल बंद होईल.

फेरतपासणीत गाडी पास झाली. निरीक्षकांनी हॅण्डब्रेक ओढायला लावून हात लावला, गाडी जागची हलली नाही. ती हलली नाही म्हणून माझाच तोल गेला. चेसिस नंबर कागदावर स्वच्छ उमटला. मला तो पहिल्यांदाच वाचायला मिळाला. गाडीच्या पोटातल्या त्या चोवीस ओळींबद्दल कोणी काही विचारलं नाही. त्या अजून आहेत तिथेच आहेत आणि गाडी त्यांच्यासह चालते आहे. डीकार्बनायझेशन न झालेलं इंजिन दर सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होतं.

पेढे द्यायला आम्ही शेडमध्ये गेलो. मिस्त्रीने पेढा घेतला, हात पुसले आणि ताईला जरा बाजूला बोलावलं. आता उरलेल्या पैशांचा विषय निघणार, असं मला वाटलं. पण त्याने खिशातून घडी केलेला एक छापील कागद काढला. दाताच्या दवाखान्याचं एस्टिमेट होतं. रूट कॅनल दोन, कॅप दोन, क्लीनिंग, एक्सरे, आणि खाली 'कन्झ्युमेबल्स'.

"बघता का जरा, ताई?" मिस्त्री एक गाल धरून म्हणाला. "एकच दाढ दुखतीय माझी. डॉक्टर म्हणतोय, किती निघेल ते खोलल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि आधीच्या डॉक्टरने सगळं बिघडवून ठेवलंय म्हणे."